पहिली नक्षी उशीच्या अभ्र्यावरच

अगं, मुंबईत स्वेटर घालणार कोण? दोन रंगांचं विणकाम शिकायचंय तर १६ इंची उशीचा अभ्रा घे. एका रंगाने विणताना दुसऱ्याचा धागा मागून लोंबत जातो. अभ्र्यात हे धागे आत लपतात, बोटं अडकत नाहीत.

गोल सुईवर, म्हणजे तारेने जोडलेल्या दोन टोकांच्या सुईवर, नळीसारखा विण. सगळे टाके सुलट येतात, नक्षी सतत समोर दिसते. आधी छोटा तुकडा विणून इंचाला किती टाके बसतात ते मोज, तोही दोन रंगांतच. पुढची-मागची बाजू मिळून घेर ३२ इंच, म्हणून इंचाला ५ टाके बसले तर १६० घाल. ८ टाक्यांची नक्षी बरोबर २० वेळा बसते. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या फेअर आयल या पारंपरिक रंगीत विणकामातही एका ओळीत दोनच रंग असतात, तेव्हा तिसऱ्याचा मोह नको.

खरी गोम मागच्या धाग्यात आहे. माझा पहिला अभ्रा असा आक्रसला की उशी आत जाईना! रंग बदलताना उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरव, मगच दुसरा धागा घे. मागचा धागा पाचेक टाक्यांहून लांब जात असेल तर मध्ये एकदा विणत्या धाग्यात अडकव.

आपल्या दमट हवेत सुती धागा बरा. लाल असेल तर आधी तुकडा भिजवून बघ, पांढऱ्यावर उतरतो मेला. आणि हे काम लोकलमध्ये काढू नकोस. माझा एक गुंडा कुर्ल्याला थेट दारापर्यंत घरंगळलाय.