तुमचे प्रश्न : अमेरिकेतले फोकवाले आणि त्यांचे अल्बम

मागच्या अंकात ह्या पानावर अमेरिकेतल्या आजच्या फोक गायकांबद्दल (फोक म्हणजे तिकडचं लोकसंगीत) थोडंसं लिहिलं होतं, वाटलं होतं कोण वाचतंय हे. पण लातूरपासून नांदेडपर्यंत लोक विचारायलेत. जागा कमी आहे म्हणून निवडक प्रश्न घेतलेत, नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न : तुम्ही गिलियन वेल्चला फोक सिंगर म्हणलात. आमच्या माहितीप्रमाणं लोकगीत म्हणजे ज्याचा कर्ता कुणालाच माहीत नाही, पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. ही बाई तर स्वतः लिहिते, स्वतः गाते, अल्बमवर नाव टाकते आणि पैसे घेते. मग हे लोकगीत कसं काय? (एक वाचक, सेलू)

दादा, पैसे घेते म्हणून लोकगीत नाही असं म्हणलं तर आपल्या परभणीकडच्या गोंधळ्यांना पण बाहेर काढावं लागेल, ते काय फुकट उभे राहतात का जागरणाला? आणि कर्त्याचं म्हणाल तर पैठणच्या एकनाथ महाराजांनी प्रत्येक भारुडात शेवटी 'एका जनार्दनी' म्हणून स्वतःचं नाव घालून ठेवलंय, तरी ते भारूड गावोगावच्या सोंगाड्यांचं झालंच की. तर कर्ता माहीत असणं हा काही अडथळा नाही.

पण तुमचा मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नाही. तिकडं सुद्धा आधी फोक म्हणजे जुनंच गायचं असा दंडक होता. १९५२ साली हॅरी स्मिथ नावाच्या एका वल्लीनं १९२० आणि ३० च्या काळातल्या जुन्या तबकड्यांतली ८४ गाणी निवडून एक मोठा संच काढला, फोकवेज नावाच्या रेकॉर्ड कंपनीनं छापला तो, आणि न्यूयॉर्कच्या ग्रीनविच व्हिलेजमधली सगळी पोरं त्यावर तुटून पडली. बॉब डिलन त्यातलाच. त्याच्या १९६२ च्या पहिल्या अल्बमात १३ गाण्यांपैकी स्वतःची फक्त २ होती, बाकी सगळी जुनी किंवा दुसऱ्यांची. पुढच्याच वर्षीच्या अल्बमात उलटं झालं, १३ पैकी ११ स्वतःची. तिथून मग 'फोक सिंगर म्हणजे गिटार घेऊन स्वतःचं लिहिलेलं गाणारा' हे पक्कं झालं. चाली मात्र पुष्कळ वेळा जुन्याच. डिलनचा गुरू वुडी गथ्री, हा कार्टर फॅमिली ह्या जुन्या गाणाऱ्या कुटुंबाच्या चालींवर आपले शब्द बसवायचा आणि त्याला कुणी चोर म्हणलं नाही, आपल्याकडं ओवीची चाल कुणाची हे कोण विचारतं.

गिलियन वेल्चलाही तिकडच्या टीकाकारांनी सुरुवातीला हाच प्रश्न विचारला होता बरं का. बाई न्यूयॉर्कात जन्मलेली, लॉस एंजेलिसात वाढलेली, बॉस्टनच्या बर्कली कॉलेजात संगीत शिकलेली, आणि १९९६ च्या पहिल्याच अल्बमात गाते डोंगरातल्या गरीब माणसांची गाणी. हिला काय माहीत असं लोक म्हणायलेच. आता माझं मत विचाराल तर गाणं ऐकून ठरवावं, आधार कार्ड बघून नाही.

जाता जाता एक. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ ह्या दोघा अभ्यासकांनी सुरू केलेल्या कामात आपल्याकडच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्यात, खेड्यापाड्यातल्या गोष्टी जमवणाऱ्या 'पारी' ह्या साइटवर त्या बायांच्या नावागावासकट ऐकायला मिळतात, परभणी-बीडच्या बाया पण आहेत त्यात. म्हणजे 'कर्ता अज्ञात' हे पुष्कळदा आपण कधी विचारलंच नाही म्हणून असतं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे, इंग्रजी वाचून कळतं पण गाण्यातलं पटकन कळत नाही. एकच अल्बम सांगा, यादी नको. (उदगीर)

गुरुजी, यादी नको म्हणलात हे फार बरं केलंत. गिलियन वेल्चचाच 'टाइम (द रेव्हलेटर)' घ्या, २००१ चा. दहा गाणी आहेत. माणसं दोनच, ती आणि तिचा जोडीदार डेव्हिड रॉलिंग्ज. ड्रम नाही, बेस नाही, कीबोर्ड नाही, दोन गिटारी आणि मधेमधे बँजो, बस. नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ बी मध्ये रेकॉर्ड केलाय, एल्विस प्रिस्लीनं जिथं ढीगभर गाणी केली तोच स्टुडिओ. एक गाणं तेवढं तिथल्याच रायमन सभागृहातल्या कार्यक्रमातलं आहे, टाळ्या ऐकू येतील, दचकू नका.

रॉलिंग्जची गिटार १९३५ ची आहे, एपिफोन ऑलिम्पिक, त्या काळात ही काही भारीतली गिटार नव्हती, पण तिचा आवाज थोडा टणक, थोडा कोरडा येतो आणि बाईच्या सावकाश आवाजाच्या वरून बारीक बारीक चालत राहतो. शब्द कळले नाहीत तरी पहिल्या वेळेस चालतंय. ती लई हळू गाते, शब्द चावत नाही, म्हणून तुमच्यासारख्याला हा अल्बम सोपा जाईल, दुसऱ्या वेळेस शब्द समोर घेऊन बसा. शेवटचं गाणं साडेचौदा मिनिटांचं आहे आणि त्यात घडत काहीच नाही, तेच तेच येत राहतं, वेग वाढत नाही, आवाज चढत नाही. माझ्या एका मित्रानं ते तिसऱ्या मिनिटाला बंद केलं आणि म्हणला काय कीर्तन लावलंय. मी म्हणलं कीर्तनच आहे, तू हरिपाठाला झोपणाऱ्यातला.

एक विनंती, गाणी उलटसुलट लावू नका. मोबाइलवर शफल म्हणून जे बटण असतं ते आधी बंद करा. ह्या लोकांनी गाण्यांचा क्रम विचार करून लावलेला असतो, पहिल्यात आलेली एखादी ओळ किंवा माणूस सातव्यात परत डोकावतो, आणि मधलं सोडून दिलं की तो दुवा तुटतो.

प्रश्न : आमच्या गावच्या बेंजो पार्टीत माझा भाऊ वाजवतो. तुम्ही लिहिलेला बँजो तोच का? (एक वाचक भगिनी, लोहा)

नाही ताई, ते वेगळंच वाद्य. तुमच्या भावाच्या बेंजोला टाइपरायटरसारख्या कळा असतात, ते मूळ जपानमधलं, १९१२ च्या सुमाराला नागोयात तयार झालेलं, तिकडून आपल्याकडं आलं आणि वरातीत घुसलं. अमेरिकेतल्या बँजोला डफासारखं गोल कातडं ताणलेलं असतं आणि त्याला लांब दांडी. आणि तो गोऱ्या लोकांचा नाही, हे महत्त्वाचं. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी भोपळ्याला कातडं लावून जे वाद्य तिकडं केलं त्याचाच हा वंश. पुढं गोरे लोक तोंडाला काळं फासून गुलामांची टिंगल करणारे तमाशे करायलागले त्यात ते वाद्य त्यांनी उचललं, आणि १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी तर काळ्यांच्या तबकड्या वेगळ्या आणि गोऱ्या खेडवळांच्या वेगळ्या अशा याद्याच पाडल्या. बँजो आणि फिडल, म्हणजे व्हायोलिन, गेलं गोऱ्यांच्या यादीत. दोन पिढ्यांत लोकांना वाटायला लागलं की हे त्यांचंच. आपल्याकडं हलगी वाजवणाऱ्याला वेशीबाहेर आणि हलगीच्या तालावर नाचणारे वेशीच्या आत, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

ह्यावर आज सगळ्यात जोरात बोलणारी गायिका म्हणजे रायनन गिडन्स, नॉर्थ कॅरोलायनाची. ती आणि तिचे साथीदार जो थॉम्पसन नावाच्या म्हाताऱ्या काळ्या फिडलवाल्याच्या घरी जाऊन बसायचे, १९१८ चा जन्म त्याचा, त्याच्याकडून चाली उचलल्या, आणि कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स ह्या नावानं त्यांचा २०१० साली जो अल्बम आला त्याला पारंपरिक फोकचं ग्रॅमी मिळालं. २०१९ मध्ये तिनं आणखी तीन काळ्या बँजोवाल्या बायांना घेऊन 'साँग्ज ऑफ अवर नेटिव्ह डॉटर्स' काढला, गुलामीतल्या बायांच्या गोष्टी आहेत त्यात, ऐकताना काही गाणी थांबवावी लागतात इतकी जड. गिडन्स स्वतः वाजवते तो बँजो १८५८ च्या नमुन्यावर बनवलेला आहे, त्याचा आवाज खर्जातला, आता मिळणाऱ्या बँजोसारखा टिणटिण नाही. भावाला ऐकवा, त्याला कळेल.

प्रश्न : सर मी बीएस्सीला आहे, गाणी लिहितो, गिटार येते. पुण्याला जाऊन स्टुडिओ घ्यायला पैसे नाहीत. घरी रेकॉर्ड केलेलं कुणी ऐकतं का, का उगीच हसू होईल? (अंबाजोगाई)

अरे बाबा, हसू होणार असेल तर गाण्यामुळं होईल, घरामुळं नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीन, एवढा मोठा रॉकवाला, १९८२ च्या सुरुवातीला न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात बसून त्यानं टिॲक कंपनीच्या चार ट्रॅकच्या, म्हणजे चार आवाज वेगवेगळे भरता येणाऱ्या, कॅसेट मशीनवर गाणी भरली, साध्या कॅसेटवर, बँडला चाल समजावी एवढ्यासाठी. नंतर बँड घेऊन स्टुडिओत तीच गाणी करून बघितली, जमेनात. शेवटी खिशात घेऊन फिरत असलेली ती कॅसेटच अल्बम म्हणून छापली, त्याचं नाव 'नेब्रास्का'. त्या कॅसेटवरून तबकडी काढताना इंजिनिअर लोकांना घाम फुटला पण आवाज तसाच ठेवला.

मग सॅम बीम, फ्लोरिडात सिनेमा शिकवणारा मास्तर, त्याचा २००२ चा पहिला अल्बम घरच्या चार ट्रॅकवरचा, आयर्न अँड वाइन ह्या नावानं. जस्टिन व्हर्नननं २००६-०७ चा हिवाळा विस्कॉन्सिनमधल्या वडलांच्या शिकारीच्या खोपटात काढला आणि तिथून बॉन इव्हेर ह्या नावानं पहिला अल्बम घेऊन बाहेर आला, स्वतःच्याच आवाजाचे थरावर थर चढवलेले आहेत, एकटा माणूस पण ऐकताना घोळका वाटतो. आणि एड्रिअन लेंकर, ही तर एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या रानात एका खोलीच्या लाकडी घरात बसून टेपवर गायली. पाखरांचा आवाज, पाऊस, खुर्ची करकरणं, सगळं आलंय त्यात आणि ते काढून टाकलेलं नाही.

आता ह्यावरून 'खोपट शोधायला पाहिजे' असा अर्थ काढू नको. खोपटाची गोष्ट कंपन्यांना विकायला बरी पडते म्हणून ती जास्त सांगितली जाते, ह्या लोकांनी आधी कित्येक वर्षं बँडात घासलेली असते ते कुणी सांगत नाही. पण लाकडाच्या खोलीत आवाज घुमत नाही, तिथं सामानसुमान असतं, हे खरं. आपल्या घरात सिमेंटच्या भिंती, खाली फरशी, वर पत्रे किंवा स्लॅब, त्यामुळं आवाज बादलीत बोलल्यासारखा येतो. तर घरातल्या सगळ्या गोधड्या बाहेर काढ. दोरी बांधून तुझ्या पाठीमागं दोन आणि दोन्ही बाजूला एकेक लटकव, खाली सतरंजी. माइक तुझ्या समोर असतो, त्याचं तोंड तुझ्याकडं, म्हणून तुझ्या मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज त्यात थेट शिरतो, म्हणून पाठीमागं जास्त. पंखा बंद, कूलर बंद, फ्रिजचा प्लग काढ, आणि नंतर लावायला विसरू नको, आई मला पत्र लिहील. मोबाइल असला तरी चालतोय, तोंडापासून एक वीत लांब आणि थोडा बाजूला धर म्हणजे 'प' आणि 'फ' ला फुफाटा येणार नाही. वेळ पहाटेची घे, काकड आरतीचा भोंगा सुरू व्हायच्या आधी. उन्हाळ्यात दुपारी तर नकोच, पत्रे तापून कडकड वाजतात. गिटारच्या तारा आदल्या दिवशी बदल, त्याच दिवशी बदलल्यास तर सुरात राहणार नाहीत.

आणि मराठीत लिही. तू पाठवलेलं गाणं वाचलं मी, त्यातला बर्फ काढून टाक, अंबाजोगाईत कुठला बर्फ.

प्रश्न : ह्या गाण्यांत शेती, जमीन, विस्थापन असलं काही असतं का, का नुसतं प्रेमभंग? (पैठण)

तुम्ही जायकवाडीच्या काठचे, म्हणून जॉन प्राइन सांगतो. शिकागोजवळ पोस्टमन होता हा, टपाल वाटता वाटता मनात गाणी रचायचा. १९७१ च्या पहिल्याच अल्बमात 'पॅराडाइज' म्हणून गाणं आहे, केंटकीच्या म्युलेनबर्ग परगण्यात ग्रीन नदीकाठी ह्या नावाचं खरंच गाव होतं, आईवडलांचं मूळ त्या भागातलं. कोळशासाठी आसपासची जमीन सोलून काढली, शेजारी कोळशावरचं वीजकेंद्र आलं आणि ते गाव राहिलंच नाही. गाण्यात एक पोरगं वडलांना म्हणतं मला तिकडं घेऊन चला, आणि वडील म्हणतात उशीर झाला. चाल मात्र वाळवणं घालताना गुणगुणावी इतकी हलकी, रडारड नाही. १९९८ मध्ये मानेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आवाज घोगरा झाला, तरी गात राहिला, शेवटचा अल्बम २०१८ चा. ७ एप्रिल २०२० ला कोरोनानं गेला.

प्रश्न : हे लोक दोन अल्बमांत इतकी वर्षं का लावतात? (एक वाचक, जिंतूर)

कारण लिहून झालेलं फाडतात. वेल्चचा २००३ नंतरचा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम थेट २०११ ला आला. आयरिस डिमेंट म्हणून एक आहे, चौदा भावंडांतली धाकटी, तिनं तर १९९६, २००४, २०१२ असं आठ आठ वर्षांनी काम केलं. ऐकणाऱ्याला बरंच आहे की, तोवर आधीचा मुरतो.

प्रश्न : सुफियान स्टीव्हन्स हा गायक अमेरिकेच्या पन्नास राज्यांवर पन्नास अल्बम करणार होता, पुढचे कधी येणार? (एक वाचक, वसमत)

वाट बघू नका. २००३ ला 'मिशिगन' केला, २००५ ला 'इलिनॉय', आणि काही वर्षांनी स्वतःच सांगून टाकलं की पन्नासचं ते प्रसिद्धीसाठी होतं. म्हणजे दोन झाले आणि ४८ राहिले. इलिनॉयवाला मात्र नक्की ऐका, शिकागोपासून कुठल्या कुठल्या बारक्या गावांपर्यंत सगळी नावं गाण्यांत आलीत, सनई-चौघडा असावा तसा तुताऱ्या-बासऱ्यांचा थाट, आणि मधेच एकदम एकट्या गिटारवरचं गाणं. आपल्या मराठवाड्याचे तर आठच जिल्हे. कुणी मनावर घेतलंच तर हिंगोलीपासून सुरू करा, नाहीतर सगळे संभाजीनगरपासून सुरू करतात आणि जालन्यापर्यंत येऊन दमतात.