ईईजी नॉर्मल आला तरी डॉक्टर अपस्मार म्हणतात, असं कसं?

तुमच्या मुलीला दोनदा फिट आली, ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) नॉर्मल आला, तरी डॉक्टर अपस्मार म्हणजे फिट येण्याचा आजार म्हणतात, आणि घरातले म्हणताहेत की बाहेरची बाधा आहे, गोळ्या कशाला. आमच्या घरातही हेच चाललं होतं, म्हणून लिहिते आहे.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. लेक तेव्हा सोळाची. नवरात्रात तीन रात्री गरबा खेळून, जेमतेम चार-चार तास झोपून चौथ्या सकाळी ती ओट्यापाशी कोसळली. शेजारच्या बेन ‘खेंच आवी’ (फिट आली) म्हणत चप्पल हुंगवायला धावल्या. सासऱ्यांनी दातखीळ सोडवायला चमचा घातला. फिट आपली आपण थांबली, चमच्याने दात मात्र तुटला. तोंडात काहीही घालू नका हो. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक दवाखाना.

मेंदूतल्या पेशी विजेच्या बारीक संदेशांनी बोलतात. काही चेतवतात, काही आवरतात. आवर सुटला की पुष्कळ पेशी एकदम पेटतात, तो झटका, म्हणजेच फिट. एका कोपऱ्यातच राहिला तर नुसता हात फडफडतो, सगळीकडे पसरला की शुद्ध जाते. दोन झटक्यांच्या मधे मेंदू शांत असू शकतो, आणि साधा ईईजी बघतो जेमतेम अर्धा तास. त्या अर्ध्या तासात काही सापडलं नाही, एवढाच तुमच्या रिपोर्टचा अर्थ.

आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून मलाच विचारलं, सकाळी हातातून वस्तू पडतात का? मला रडूच आलं. कित्येक महिने सकाळी तिच्या हाताला हिसका बसून चहाचा कप पडायचा आणि मी तिला धांदरट म्हणून ओरडायचे. तेही झटकेच होते. पुढे रात्री जागवून पुन्हा काढलेल्या ईईजीत ते दिसले.

म्हणून तुम्ही काय पाहिलंत ते लिहून काढा, जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या. गोळ्या मनाने बंद करू नका, अचानक थांबवल्या तर झटके जास्त जोराने येऊ शकतात. मुलगी आहे, तेव्हा पुढच्या गरोदरपणाच्या दृष्टीने ही गोळी चालेल ना, हे आत्ताच विचारा. काही गोळ्या बाळाला बाधतात. घरच्यांना पूजा करायची तर करू द्या, गोळीची वेळ तेवढी सांभाळा.

लेक अजून गरबा खेळते. गोळी घेऊन जाते, अकराला घरी येऊन झोपते.