गोळीने मन सावरलं पण इच्छाच गेली, केशर-शतावरीने परत येते का?

प्रश्न: ताई, मी ३४ वर्षांची, नाशिकला असते. आठ महिने झाले डिप्रेशनची गोळी एस्सिटॅलोप्रॅम १० चालू आहे. रडणं थांबलं, झोप लागते, ऑफिसलाही जाते. पण नवऱ्याजवळ जावंसंच वाटत नाही आणि गेलेच तरी सगळं बधीर, शेवटपर्यंत पोचतच नाही. आजारपणाच्या आधी असं कधीच नव्हतं. जाऊबाई म्हणतात शतावरी कल्प आणि अश्वगंधा घे, इन्स्टावर १८०० रुपयांची केशरवाली कॅप्सूल दिसते, मैत्रीण म्हणते शनिवार-रविवार गोळी बुडव. डॉक्टर पुरुष आहेत, त्यांना हे कसं सांगू?

उत्तर: बरं झालं लिहिलंत. तुम्ही सांगताय ते या गोळ्यांचं अगदी ओळखीचं लक्षण आहे. सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढलं की मन शांत होतं, पण तेच सेरोटोनिन इच्छेला आणि ऑर्गॅझमला ब्रेकही लावतं. स्पेनमध्ये २००१ साली १,०२२ पेशंटना मुद्दाम विचारून पाहिलं तर बायकांपैकी जवळपास ५७ टक्क्यांना असा त्रास होता, आपणहून सांगणाऱ्या मात्र फार थोड्या असतात, आपल्याकडे तर विचारूच नका.

आता जडीबुटीचं. केशराबद्दल खरंच अभ्यास झालाय, तेहरानमध्ये, २०१३ ला छापून आला. फ्लुओक्सेटिन ही तुमच्यासारखीच डिप्रेशनची गोळी घेणाऱ्या बायकांना रोज ३० मिलिग्रॅम केशर चार आठवडे दिलं, शेवटपर्यंत ३४ जणी टिकल्या. ओलावा वाढला, दुखणं कमी झालं, उत्तेजना सुधारली. पण इच्छा आणि ऑर्गॅझम यात फरक पडला नाही, आणि तुमची तक्रार नेमकी तीच दोन आहे. म्हणजे जाहिरातवाला ज्या अभ्यासाच्या जोरावर १८०० मागतोय तो अभ्यासच तुमच्या बाजूने बोलत नाही. दुधात घालता त्या चार काड्या खुशाल घाला, चव येईल, पण त्यातून औषधाचा हिशोब लागणार नाही.

माका नावाचं पेरू देशाच्या डोंगरातलं कंद आहे, हल्ली पावडर ऑनलाइन मिळते म्हणून सांगते. बोस्टनला ४५ बायकांवर बघितलं, डिप्रेशनच्या गोळ्या घेणाऱ्याच, रोज ३ ग्रॅम, १२ आठवडे. थोडा फायदा दिसला पण तो जास्त करून पाळी गेलेल्यांमध्ये. तुम्ही ३४ च्या. जिन्को या झाडाच्या पानांच्या अर्काचं तर आधी फार कौतुक झालं, १९९८ च्या अभ्यासात ८४ टक्के लोकांना गुण आला म्हणे, पण त्यात तुलनेला खोटी गोळी घेणारा गटच नव्हता, नंतर तो ठेवून पाहिल्यावर फरक उरला नाही. शिवाय तुमच्या गोळीने रक्त वाहायची प्रवृत्ती आधीच थोडी वाढते, त्यात जिन्को नको.

अश्वगंधेचा एक छोटा अभ्यास भारतातल्या बायकांवर आहे, फायदा दिसला, पण त्या डिप्रेशनच्या गोळ्यांवर नव्हत्या, निरोगी होत्या. थायरॉइडची गोळी चालू असेल तर अश्वगंधेने आकडे हलतात, यकृताला त्रास झाल्याच्या केसेसही आहेत, झोपही येते. शतावरीने तुमचं वाईट होईल असं नाही, पण गोळीमुळे गेलेली इच्छा तिने परत येते असं म्हणायला आधार नाही. जाऊबाईंचं मन मोडू नका, पण घेतलंत तर डॉक्टरांना सांगून घ्या.

त्या कॅप्सूलपासून मात्र लांबच राहा. लैंगिक सुखाची ताकद वाढवतो असं सांगून औषध विकायची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी रोज मोबाइलवर येतेच. ‘हर्बल’ लिहिलेल्या अशा गोळ्यांमध्ये चोरून सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) घातलेलं कितीदा तरी सापडलंय. आणि इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांच्या २००८ च्या तपासणीत पाचातल्या एका औषधात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं, भस्मवाल्यांमध्ये जास्त.

शनिवार-रविवार बुडवायचं नाही. ही युक्ती १९९५ ला काही गोळ्यांवर चालली होती, पण चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं हे सगळं दोन दिवसांतही सुरू होऊ शकतं, आणि एकदा बुडवायची सवय लागली की माणूस हळूच बंदच करतो, मग ते रडणं परत.

खरा उपाय बहुतेक वेळा डॉक्टरांच्या चिठ्ठीतच असतो हो. डोस कमी करता येतो का, मिर्टाझापिन किंवा व्होर्टिऑक्सेटिनसारखी दुसरी गोळी जमेल का, बुप्रोपिऑन जोडता येईल का (फिट्स येत असतील तर ते चालत नाही), हे डॉक्टर ठरवू शकतात. सिल्डेनाफिलसुद्धा अशाच गोळ्या घेणाऱ्या ९८ बायकांवर तपासलंय, ऑर्गॅझमला मदत झाली, इच्छेला फारशी नाही, आणि ते डॉक्टरांनी दिलं तरच. बिनखर्चाचं म्हणाल तर जवळ येण्याच्या आधी अर्धा तास भरभर चालणं किंवा व्यायाम, आठवड्यातून तीनदा. हे गोळ्या घेणाऱ्या बायकांवरच करून बघितलंय आणि इच्छा वाढलेली दिसलीये, हसू नका. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा बघा.

डॉक्टरांना तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून टेबलावर सरकवा: ‘गोळी सुरू झाल्यापासून इच्छा गेली, ऑर्गॅझम येत नाही, गोळी बंद करायची नाहीये, दुसरा मार्ग आहे का?’ एवढंच. त्यांनी हे शंभरदा ऐकलेलं असतं. आणि नवऱ्याला सांगा की हे गोळीचं आहे, त्याच्याबद्दलचं नाही, न सांगितलं तर तो स्वतःच काहीतरी भलतं धरून बसेल.

प्रश्न: मुलगी स्टुटगार्टला आहे, डिप्रेशनची सर्ट्रालिन गोळी घेते, तिलाही हाच त्रास. तिकडे दुकानात योहानिसक्राउट (सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती) मिळतं, जर्मन लोक सर्रास घेतात म्हणे. चालेल का?

उत्तर: अजिबात नाही. ही वनस्पती मुळात डिप्रेशनवरच घेतात, सर्ट्रालिनसोबत घेतलं तर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढून घाम, थरथर, ताप, गोंधळ असं होऊ शकतं, वेळ आली तर हॉस्पिटल. गर्भनिरोधक गोळी घेत असेल तर तीही त्याने कमजोर पडते. आधीच घेतलं असेल तर आजच तिथल्या डॉक्टरला फोन करायला सांगा.

प्रश्न: वय ४१. रिस्पेरिडोन ही मानसिक आजाराची गोळी चालू आहे, पाच महिने पाळी नाही, इच्छा नाही, आणि सांगायला लाज वाटते पण छातीतून दूध येतं. घरच्यांनी पाळी यावी म्हणून शतावरी कल्प सुरू केलाय. ॲसिडिटीची कॅप्सूलही रोज असते.

उत्तर: लाजू नका, हे प्रोलॅक्टिनचं, म्हणजे दूध आणणाऱ्या हार्मोनचं काम आहे. रिस्पेरिडोन आणि अमिसल्प्राइड अशा गोळ्यांनी ते खूप वाढतं, त्यातूनच पाळी, दूध आणि इच्छा या तिन्ही तक्रारी येतात. शतावरी तर आपल्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात, ती आधी थांबवा. मग त्या ॲसिडिटीच्या कॅप्सूलच्या मागचं नाव वाचा. पँटोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोलच्या सोबत डॉमपेरिडोन नाहीतर लेव्होसल्पिराइड लिहिलेलं असेल तर तेही प्रोलॅक्टिन वाढवतं, आणि हे मानसोपचारवाल्यांना बहुतेकदा माहीतच नसतं कारण ती कॅप्सूल कुणी दुसऱ्याने दिलेली असते. दिवस राहिलेत का ते घरीच तपासा, सकाळी प्रोलॅक्टिनची रक्ततपासणी करा, आणि रिस्पेरिडोन स्वतःहून न थांबवता रिपोर्ट आणि दोन्ही गोळ्यांची पाकिटं घेऊन मानसोपचार डॉक्टरांकडे जा, ॲरिपिप्राझोल या दुसऱ्या गोळीवर बदलणं किंवा तेच थोडं जोडणं हा पर्याय त्यांच्याकडे असतो. नजर धूसर होत असेल किंवा डोकं सारखं दुखत असेल तर तेही सांगा, मग एमआरआय लागू शकतो.