माहिती अधिकारात अर्ज करणाऱ्याला गावात खंडणीखोर म्हणतात. अशा वेळी अर्ज स्वतःच्या नावाने करावा का?

आपल्या गावातील नळपाणी योजनेच्या कामाची कागदपत्रे आपल्याला ग्रामपंचायतीकडून हवी आहेत. परंतु अर्ज टाकणारा माणूस म्हणजे खंडणीखोर अशी गावात समजूत असल्याने अर्ज स्वतःच्या नावाने करावा की दुसऱ्या कोणाच्या, आणि कागद खरोखर मिळतात का, असे आपण विचारले आहे. कागद मिळतात, मात्र पहिल्या मागणीला क्वचितच मिळतात, आणि ज्या कार्यालयाकडे आपण मागतो त्याच कार्यालयात ते असतील याचा भरवसा नसतो. खंडणीखोर या शब्दाबद्दल मात्र मला सविस्तर लिहावे लागेल, कारण तो मी स्वतः एका लग्नाच्या भरल्या पंगतीत, माझ्याच थोरल्या बहिणीच्या यजमानांच्या तोंडून ऐकलेला आहे.

मी एका तालुक्याच्या गावी राहतो. आमच्या गल्लीत नगरपरिषदेने काँक्रीटचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना गटार असे काम काढले होते. रस्ता झाला, गटार एकाच बाजूला झाले, आणि पहिल्याच पावसाळ्यात खालच्या अंगाच्या घरांत पाणी शिरले. ठेकेदार म्हणाला की अंदाजपत्रकात एवढेच काम आहे. नगरसेवक म्हणाले की निधी संपला. अभियंता कधीही गेलो तरी ‘साइटवर’ असत. तेव्हा मी अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील (झालेल्या कामाची मापे जिच्यात नोंदवतात ती वही) या कामाची पाने आणि अदा केलेली देयके एवढ्याच गोष्टी मागणारा अर्ज केला. मुदत संपता संपता उत्तर आले की ‘सदर अभिलेख कार्यालयात आढळून येत नाही’. ठेकेदाराला देयक अदा झालेले होते आणि मोजमापाची नोंद असल्याशिवाय देयक निघत नाही; म्हणजे ज्या पुस्तिकेच्या आधारावर पैसे दिले ती पुस्तिका पैसे दिल्यानंतर हरवली, असे एक सार्वजनिक कार्यालय मला सही-शिक्क्यानिशी कळवत होते.

या उत्तराविरुद्ध मी त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील केले. त्याच्या सुनावणीत मी वाद घातला नाही. पुस्तिका खरोखर हरवली असेल तर ती कोणाच्या ताब्यात होती आणि हरवल्याची तक्रार कोणी, कधी दिली, एवढे आदेशात लिहून द्यावे, अशी विनंती केली. एकेकाळी कार्यालयात असलेला अभिलेख ‘सापडत नाही’ एवढे म्हणून विषय संपत नाही, त्याचा कसून शोध घ्यावा लागतो आणि गरज पडल्यास चौकशी करून जबाबदारी निश्चित करावी लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने विश्वास भांबुरकर प्रकरणात 2013 साली स्पष्ट केले आहे. महाराष्ट्राचा 2005 चा सार्वजनिक अभिलेख अधिनियमही आहे, आणि त्यात अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. हे दोन्ही मुद्दे मी अपिलात लिहिले होते. पुस्तिका आठवडाभरात सापडली, कपाटाच्या मागे पडली होती म्हणे.

प्रतींची वाट न पाहता मी अवलोकनाला, म्हणजे कार्यालयात बसून मूळ कागद पाहायला, गेलो, आणि आपणही तेच करावे असे माझे ठाम मत आहे. कार्यालय प्रती निवडून देते. नस्ती, म्हणजे कामाची फाइल, स्वतः उलगडली म्हणजे टिपणीच्या समासातले शेरेही वाचता येतात. (आपल्या राज्याने 2012 साली नियमात केलेल्या दुरुस्तीनुसार अवलोकनाच्या वेळी आपल्याजवळ फक्त पेन्सिल ठेवता येते, पेन अधिकाऱ्याकडे जमा करावे लागते. खाडाखोड होऊ नये हा हेतू समजण्यासारखा आहे. पण मोजमाप पुस्तिकेत खाडाखोड करण्याची सोय ज्यांच्याकडे असते त्यांच्याकडून पेन कोण जमा करून घेतो, हा प्रश्न मला त्या टेबलापाशी पडला होता.) पुस्तिकेत गटार दोन्ही बाजूंना पूर्ण झालेले होते. रस्त्याच्या लांबीचा आकडा तर असा होता की आमची गल्ली जिथे ओढ्यापाशी संपते तिथून कागदावरचा रस्ता ओढा ओलांडून पलीकडच्या सोयाबीनच्या शेतात शिरत होता.

त्या संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस घरी आला, चहा घेतला, आणि ‘आपण आपसात मिटवून टाकू’ असे म्हणाला. आकडा त्याने सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. परंतु त्या कागदांना बाजारात किंमत आहे, आणि ते फक्त माझ्याकडे असेपर्यंतच ती आहे, हे मला त्या चहाच्या वेळी नीट उमगले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकातल्या गणेश मंडळाच्या फलकावर खडूने पुस्तिकेतली लांबी, टेपने मोजलेली लांबी, पुस्तिकेतले गटार आणि जागेवरचे गटार अशा चार ओळी लिहिल्या, आणि साक्षांकित प्रती आल्यावर त्यांचा एक संच किराणा दुकानात ठेवून दिला. फलकावर कोणाचेही नाव लिहिले नाही, आरोप केला नाही, विशेषण वापरले नाही. लोक स्वतः टेप घेऊन मोजू लागले. त्यानंतर दुसऱ्या बाजूचे गटार झाले. ठेकेदाराकडून जादा रकमेची वसुली झाली का, हे विचारणारा माझा पुढचा अर्ज मात्र दुसऱ्या अपिलात जाऊन माहिती आयोगाच्या खंडपीठापुढे अजून पडून आहे.

पंगतीतला प्रसंग याच सुमारास घडला. आमचे दाजी सरकारी कार्यालयात कारकून म्हणून लागून बऱ्याच वरच्या पदावरून निवृत्त झाले आहेत. ते शेजारच्या पाहुण्यांना म्हणाले, “आमचे मेहुणे हल्ली अर्जांवर चालतात, एका अर्जाचा भाव काय ते त्यांनाच विचारा.” पाहुणे हसले. अण्णा हजारे यांनी राज्याच्या माहिती अधिकार कायद्यासाठी 2003 च्या ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर उपोषण केले तेव्हा त्याच्या बातम्या आम्हाला मोठ्याने वाचून दाखवणारे हेच दाजी होते. त्यांचे मत स्वतःच्या टेबलावर पहिला अर्ज आला तेव्हा बदलले.

त्यांचे म्हणणे असे की माहिती कशासाठी हवी हे अर्जदाराला विचारण्याची मुभा अधिकाऱ्याला असावी, अर्जांना उत्तरे देण्यात कार्यालयाचा वेळ जातो, आणि निम्मे अर्जदार पैसे उकळणारे असतात. पहिला मुद्दा माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(2) ने, अर्जदाराला कारण विचारता येत नाही असे सांगून, कायमचा निकालात काढला आहे, कारण विचारण्याची मुभा दिली की उत्तर पसंत न पडण्याची मुभा आपोआप येते. दुसऱ्या मुद्द्याबाबत, कलम 4 मध्ये प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावयाच्या सतरा बाबी 2005 पासून दिलेल्या आहेत. त्या प्रामाणिकपणे प्रसिद्ध करून अद्ययावत ठेवल्या असत्या तर आमच्यासारख्यांचे बहुतेक अर्ज लिहिलेच गेले नसते. ज्यांनी ते काम केले नाही त्यांनी वेळेची तक्रार करू नये. तिसऱ्या मुद्द्यातले ‘निम्मे’ खोटे आहे, पण उरलेले खरे आहे. कागद हाती पडल्यावर अपील गुपचूप मागे घेणारी माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत आणि ती कोण हे कार्यालयातल्या शिपायालाही ठाऊक असते. दाजींना मी तेव्हा जे सांगू शकलो नाही ते इथे सांगतो: अशा माणसाला अंधार लागतो आणि तो अंधार कार्यालयच पुरवते, कारण कागद कपाटात असेल तरच तो कपाटाबाहेर काढण्याची धमकी देता येते.

ज्या चळवळीतून हा कायदा आला तिची सुरुवात अर्जांपासून झाली नव्हती. राजस्थानात अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आदींच्या मजदूर किसान शक्ती संघटनेने पाली जिल्ह्यातील कोट किराणा येथे 1994 च्या डिसेंबरमध्ये पहिली जनसुनवाई घेतली, तेव्हा माहितीचा कायदा अस्तित्वात नव्हता. गावातल्या कामांच्या नोंदी गावासमोर मोठ्याने वाचल्या गेल्या आणि लोकांनीच त्यांतला खोटेपणा उघड केला. पुढे 1996 साली ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले आणि ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा देशभर गेली. ज्या कागदाचे जाहीर वाचन झाले आहे त्याच्यावर खंडणी मागता येत नाही. म्हणून आपल्या गावाने आपल्याला काय म्हणावे हे आपल्या अर्जापेक्षा अर्जानंतरच्या आपल्या वागण्यावर ठरेल. आपल्याकडे तर ग्रामसभा आहे, जी आम्हा नगरपरिषदवाल्यांकडे नाही. कागद मिळाल्यावर येणाऱ्या पहिल्याच ग्रामसभेत ते वाचावेत, आणि ते वाचणार आहात हे अर्ज करण्यापूर्वीच चारचौघांत सांगून टाकावे.

नावाबद्दल माझे मत असे की अर्ज स्वतःच्याच नावाने करावा. दुसऱ्याच्या नावाने अर्ज करणे ही दलालांची रीत आहे, आणि दबाव आला की तो बिचारा आधी चिरडला जातो. मात्र हे मी एका गटाराच्या अनुभवावरून सांगतो आहे. जमिनीचा किंवा वाळूचा विषय असेल तर ते जसेच्या तसे लागू करू नये. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांनी जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढले होते आणि 2010 च्या जानेवारीत सकाळी फिरायला गेले असता त्यांची हत्या झाली. धोका वाटत असेल तर एकच मागणी पाच-सात जणांनी वेगवेगळ्या अर्जांनी करावी, म्हणजे एकाला गप्प करून काही साधत नाही. पत्त्याऐवजी टपाल पेटी क्रमांक देता येतो, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने 2013 साली म्हटले आहे. अर्जदारावर हल्ला किंवा त्याचा खून झाल्यास त्याने मागितलेली माहिती संबंधित कार्यालयाला जाहीर करायला लावण्याचा ठराव केंद्रीय माहिती आयोगाने 2011 साली केला, त्यामागचे तर्कशास्त्रही हेच आहे. मात्र तो ठराव केंद्रीय आयोगाचा आहे हे लक्षात ठेवावे.

आणखी एक अडचण नवी आहे. वैयक्तिक माहितीविषयीच्या 2023 च्या कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे वैयक्तिक माहिती नाकारण्याविषयीचे कलम 8(1)(j) बदलले असून ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ एवढे म्हणून नकार देण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली आहे. लाभार्थ्यांच्या किंवा मजुरांच्या याद्या मागताना याचा त्रास होईल, तेव्हा कलम 8(2) मधील व्यापक जनहिताचा मुद्दा अर्जातच लिहून ठेवावा.

आपल्या योजनेबाबत सांगायचे तर ग्रामसभेचे ठराव, पाणीपुरवठा समितीचे इतिवृत्त आणि बँक खात्याच्या नोंदी गावात मिळतील; अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता आणि मोजमाप पुस्तिका बहुधा जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे असतील. ग्रामपंचायतीने अर्ज पाच दिवसांत तिकडे हस्तांतरित करायला हवा, परंतु त्यावर विसंबू नये. दोन स्वतंत्र अर्ज करावेत, प्रत्येक अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवावा, आणि ‘का’, ‘कोणाच्या चुकीमुळे’ असले प्रश्न त्यात घालू नयेत. त्याआधी एखाद्या सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत जिल्हा परिषदेत जाऊन नस्ती पाहण्याचा प्रयत्न करावा. त्यासाठीचा शासन निर्णय 2018 च्या नोव्हेंबरमधला आहे आणि दारावरचा कर्मचारी ‘असे काही नसते’ म्हणण्याची शक्यता असल्याने त्याची प्रत सोबत न्यावी.