राखेची तक्रार केली तर भावाचं काम जाईल का?

प्रश्न: ताई, आमचं घर राखेच्या टिप्परच्या रस्त्यावर आहे. टिप्परवर ताडपत्री नसते, खड्ड्यात गचका बसला की राख सांडते, वाळत घातलेल्या कुरडयांवर करडा थर बसतो अन् लेकराचा खोकला काही जात नाही. पण भाऊ थर्मलमधे, म्हणजे कोळशाच्या वीज केंद्रात, राख गोळा होते त्या हॉपरवर कंत्राटी कामाला आहे, घरचे म्हणतात नियम कडक लागले तर थर्मल बंद पडंल, गप बस. काय करू?
— एक वाचक, परळी तालुका

उत्तर: ताई, 2013 ला अन् परत 2015 ला परळीचे वीज तयार करणारे संच बंद पडले ते पाणी नव्हतं म्हणून, राखेची तक्रार झाली म्हणून नाही. अन् भावाचं काम काय आहे ते बघा ना. धुरातली राख विजेच्या भारानं प्लेटांना चिकटवायची, प्लेटा ठोकून ती हॉपरमधे पाडायची, म्हणजे ती चिमणीतून तुमच्या अंगणात येऊ नये म्हणूनच तर ते हॉपर आहे. नियम ढिला झाला तर उलट तिथलीच माणसं कमी करतील, अन् सगळ्यात जास्त राख त्याच्याच छातीत जाते हो.

केंद्रानं डिसेंबर 2015 मधे थर्मलसाठी प्रदूषणाच्या नवीन मर्यादा आणल्या. त्यातल्या, धुरातला गंधक काढायच्या यंत्राला खर्च लई अन् पाणीबी लागतं, जुलै 2025 मधे मोठ्या शहरांपासून अन् जास्त प्रदूषित भागांपासून लांब असलेल्या थर्मलला त्यातून सूट मिळाली. पण धुरातल्या धुळीची मर्यादा तशीच आहे. 2004 ते 2016 मधे बसवलेल्या संचांना घनमीटरला 50 मिलिग्रॅम, अन् परळीचे आता असलेले 250 मेगावॅटचे तिन्ही संच त्याच काळातले आहेत.

तुमचा त्रास तर चिमणीपेक्षा रस्त्याचा जास्त दिसतोय. राख ओली करून भरा, वर ताडपत्री बांधा, एवढ्यानं एकबी संच थांबत नाही, वीटभट्टीवाल्यांची राखबी बंद होत नाही. एकटीच्या नावानं अर्ज करू नका, ग्रामसभेत ठराव घ्या, टिप्परचे नंबर अन् तारखेसहित फोटो जोडा, एक प्रत तहसीलदारांना अन् एक महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या, पोच घ्यायला विसरू नका. भावाला यात ओढायची गरजच नाही, त्यानं फक्त ठेकेदाराकडून चांगला मास्क मागून घ्यावा, रुमालानं भागत नाही.

अन् लेकराला या आठवड्यातच डॉक्टरकडं न्या, घर राखेच्या रस्त्यावर आहे हे त्यांना आधी सांगा.