ब्लॅक बॉक्स गेममध्ये लपलेले बॉल अंदाज न मारता कसे शोधायचे?

ब्लॅक बॉक्स म्हणजे चौकोनी जाळीत लपवलेले बॉल शोधायचा गेम: कडेने काल्पनिक किरण आत सोडायचे आणि ते कुठून बाहेर येतात यावरून बॉलची जागा ओळखायची. तुम्ही म्हणताय की दहा-बारा किरण सोडूनही चारपैकी दोनच बॉल पक्के सापडतात आणि बाकीचे अंदाजाने ठेवता. मला वाटतं तुम्ही हिट मिळवायच्या मागे लागताय, म्हणजे किरण बॉलवर आदळला की काहीतरी हाती लागलं असं वाटतं, पण खरं तर सगळ्यात कमी माहिती हिटच देतो. बॉल बहुधा त्या ओळीत कुठेतरी आहे एवढंच कळतं, आणि वाटेत किरण वळून मग आदळला असेल तर तेही नाही.

८ बाय ८ च्या चौकोनात ४ बॉल ठेवायचे ६,३५,३७६ प्रकार होतात, त्यामुळे आधी जागा साफ करायची. किरण समोरासमोर पार गेला की ती ओळ तर रिकामी कळतेच, पण तिच्या वरची आणि खालचीही, कारण तिथे बॉल असता तर किरण वळला असता किंवा परत आला असता. एका किरणात ६४ पैकी २४ घरं संपली! म्हणून मी सुरुवात १ नंबरच्या ओळीपासून कधीच करत नाही, २, ५ आणि ७ या ओळींतून करतो.

खरी मजा वळलेल्या किरणात आहे. समजा डावीकडून ५व्या ओळीत सोडलेला किरण वर ३ऱ्या कॉलममधून बाहेर आला, तर सगळ्यात साधा अर्थ असा की बॉल ६व्या ओळीत ४थ्या कॉलममध्ये आहे, कारण किरण बॉलच्या कोपऱ्याजवळ आला की त्याच्यापासून लांब काटकोनात वळतो. आता इथे लगेच बॉल ठेवून मोकळं होऊ नका, ७व्या ओळीत डावीकडून अजून एक सोडा, तो खाली ३ऱ्या कॉलममधूनच निघायला हवा. निघाला तर जवळजवळ पक्कं. या तपासणीला २ पॉइंट जातात पण एक बॉल चुकला की ५ जातात, म्हणून इथे कंजूषी नको. किरण आला तिथूनच परत गेला तर बॉल कडेला अगदी शेजारच्या घरात असतो, नाहीतर आत कुठेतरी दोन बॉल मधे एक घर सोडून बसलेले असतात.

आता फसवणूक कुठे होते ते सांगतो, आणि हे मला फार उशिरा कळलं. पार गेलेला किरण सरळच गेला असेल असं नाही. बॉल असे ठेवून बघा: ३ऱ्या ओळीत ४ आणि ५ कॉलम, ७व्या ओळीत २ आणि ७. डावीकडून ४थ्या ओळीत किरण सोडा, तो खाली वळतो, मग उजवीकडे, मग वर, आणि परत ४थ्याच ओळीत येऊन समोरून निघतो, आणि आपण खुशाल ३, ४, ५ ओळी रिकाम्या धरून पुढचं सगळं चुकीचं मांडत बसतो. म्हणून मोठा भाग साफ धरायच्या आधी शेजारच्या ओळीतून एक किरण जाऊ देतो. इथे ३ऱ्या ओळीत तो हिट होतो, आणि हिट दिसला की मी ती तीन ओळींची सफाई मागे घेतो.

हा गेम एरिक सॉलोमन यांनी १९७० च्या दशकात बनवला, सीटी स्कॅनवाल्या हाउन्सफील्ड यांच्या कामावरून त्यांना सुचला, आणि ईमॅक्स एडिटरमध्ये तो आजही आहे, M-x (म्हणजे Alt आणि x एकत्र) दाबून blackbox टाइप केलं आणि एंटर दाबलं की उघडतो. सराव तिथेच करा, पण ४ बॉलवरच, कारण ५ किंवा जास्त ठेवले तर काही मांडण्या अशा येतात की सगळे किरण वापरूनही दोन उत्तरं बरोबर बसतात आणि मग कितीही डोकं लावलं तरी निवड अंदाजानेच करावी लागते.