इंजिनचा नंबर आरसीशी जुळत नाही. गाडी नावावर कशी होणार?

प्रश्न : मी इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर आहे, वय २७. वडिलांकडे यामाहाची आरएक्स १०० ही मोटारसायकल होती, अडचणीच्या काळात ती विकावी लागली. म्हणून तीन महिन्यांपूर्वी मिरजेच्या एका गॅरेजवाल्याकडून १९९५ची आरएक्स १०० घेतली. किंमत ९२ हजार. ७० हजार यूपीआयने दिले, उरलेले रोख. आरसी जतच्या एका निवृत्त गुरुजींच्या नावावर आहे. २०२५ मध्ये त्यांनीच रिपासिंग करून घेतलेले असल्याने मुदत २०३० पर्यंत आहे. नंतर त्यांनी गाडी या गॅरेजवाल्याला विकली आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे २९ व ३० नंबरचे फॉर्म कोरेच सही करून दिले. तेच फॉर्म त्याने मला दिले. "इंजिन ओरिजिनल आहे, फक्त इंजिनकाम केलंय, बोअर-पिस्टन नवीन" असे त्याने व्हॉट्सॲपवर आवाजात पाठवले होते. नावावर करायला गेलो तर निरीक्षक म्हणाले, इंजिन नंबर जुळत नाही. मित्राने चालवून पाहिली. आरएक्स १००ला चार गिअर असतात, हिला पाच पडतात, म्हणजे इंजिन १३५ सीसीचे आहे, असे तो म्हणतो. गॅरेजवाला म्हणतो, "दोन हजार द्या, आरसीवरचा नंबर पंच करून देतो." त्यातच माझ्यामुळे गुरुजींच्या नावावर ई-चलन गेले आणि ते फोनवर रागावले. मी काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी, ते दोन हजार देऊ नका. तुमच्या पत्रातली हीच गोष्ट मला सर्वांत धोक्याची वाटते, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो.

आज तुम्ही फसवले गेलेले ग्राहक आहात. नंबर घासून नवा कोरला, की त्या क्षणापासून तुम्ही फसवणुकीतले भागीदार ठरता. घासलेला नंबर कायमचा जातो, असे गॅरेजमध्ये समजतात. तसे होत नाही. नंबर ठोकताना खालचा धातूही दबलेला असतो. वरचा थर घासला तरी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायन लावून जुने आकडे बऱ्याचदा पुन्हा दिसतात. नंबरात खाडाखोड दिसली की पोलीस पहिला अर्थ चोरीचा लावतात. त्यावेळी "मला गॅरेजवाल्याने करून दिले" हे उत्तर तुम्हाला वाचवणार नाही, कारण तुम्ही पैसे देऊन करून घेतलेले असेल.

चोरीचा माल जवळ बाळगण्याच्या गुन्ह्यात (भारतीय न्याय संहिता, कलम ३१७) मुख्य प्रश्न असतो तो माहितीचा. माल चोरीचा आहे हे माहीत होते का, किंवा तसे समजायला कारण होते का? निरीक्षकांनी सांगेपर्यंत तुम्हाला काहीच माहीत नव्हते. आता नंबर जुळत नाही हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे यापुढे गप्प बसून गाडी फिरवत राहिलात तर ते तुमच्या विरोधात जाईल. आजच गाडी उभी करा.

नंबर न जुळण्याची कारणे तीन असू शकतात. एक, नोंदीतली चूक. जुनी आरसी बुके संगणकावर चढवताना एखादा आकडा इकडचा तिकडे झाल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत. ती अर्ज करून दुरुस्त होतात. तुमच्या बाबतीत पाचवा गिअर ही शक्यता जवळजवळ संपवतो, तरी आरसी, गुरुजींकडचे जुने बुक आणि गाडीवरचा नंबर शेजारी ठेवून एकदा आकडा न् आकडा ताडून पाहा. दुसरे कारण, इंजिन खरोखर बदलले, पण रीतसर विकत घेतलेले बसवले. तिसरे, बसवलेले इंजिन दुसऱ्या कुणाच्या चोरीच्या गाडीचे आहे. आरएक्सच्या इंजिनांना आज जो भाव आहे, तो पाहता ही शक्यता मी हसण्यावारी नेणार नाही.

म्हणून इंजिनवरच्या आणि चासीवरच्या, अशा दोन्ही नंबरांच्या पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून उमटवलेला ठसा) घ्या, चांगल्या उजेडात फोटो काढा. चोरीला गेलेल्या गाड्यांची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' या यंत्रणेत असते. तिथे दोन्ही नंबर तपासा. आणि मग, निकाल काहीही येवो, जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः लेखी अर्ज द्या : गाडी कुणाकडून, कधी, किती रुपयांना घेतली, नंबर जुळत नाही हे कोणत्या तारखेला कळले. अर्जाच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. उद्या कुणी तुमच्याकडे बोट दाखवले, तर तुम्हीच आधी पोलिसांकडे गेला होता हे हा एक कागद सांगेल. पोलीस गाडी ताब्यात घेतील अशी भीती वाटत असेल. घेऊ शकतात. पण ताब्यातली वाहने ठाण्याच्या आवारात सडत ठेवू नयेत, योग्य हमी घेऊन लवकर सोडावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे. तसा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो. मात्र गाडी सोडवताना न्यायालय नोंदणीकृत मालक कोण हे पाहते. म्हणजे गुरुजींची गरज तिथेही लागणार.

आता दुरुस्ती आणि बदल यातला फरक. जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घ्यायला हवा. एका सिलिंडरच्या जुन्या इंजिनाला बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवणे, क्लच प्लेट, क्रँकचे बेअरिंग, कार्ब्युरेटर बदलणे ही झाली देखभाल. तिला कुणाची परवानगी लागत नाही. इंजिन नंबर क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या धातूच्या कवचावर कोरलेला असतो. सिलिंडर कितीदाही बोअर केला तरी तो बदलत नाही. "फक्त इंजिनकाम केलंय" हे गॅरेजवाल्याचे वाक्य म्हणूनच खोटे ठरते. चेन तुटून केस फुटल्याने केस बदलावी लागते, हे खरे आहे. पण केस बदलली की नंबर बदलतो, आणि मग मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लागू होते. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच अधोरेखित केले. १०० सीसीच्या गाडीत १३५चे इंजिन हा सरळसरळ असाच बदल आहे. कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही होऊ शकते. तेव्हा "अर्ज करून १३५चे इंजिनच आरसीवर चढवून घेऊ" असे कुणी एजंट सांगत असेल, तर त्याच्या मागे लागू नका. व्हिंटेज म्हणून नोंदवण्याचा सल्लाही कुणीतरी देईल. ती तरतूद ५० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी आहे.

मग सरळ वाट कोणती? माझ्या मते एकच : मूळ इंजिन परत मिळवणे. २०२५ मध्ये रिपासिंग झाले, तेव्हा तपासणीत आरसीवरचाच नंबर पडताळला गेला असणार. निदान कागद तरी तसेच सांगतात. गाडी त्यानंतर गॅरेजवाल्याकडे गेली. म्हणजे इंजिन त्याच्याच ताब्यात असताना बदलले गेले, असे म्हणायला आपल्याकडे भक्कम आधार आहे. आणि आरएक्स १००चे मूळ इंजिन कुणी भंगारात टाकत नाही. ते त्याच्याकडे असेल, किंवा त्याने कुणाला विकले हे तरी त्याला ठाऊक असेल. ते इंजिन, किंवा निदान ती नंबराची केस जागेवर आली, की तुमचा हस्तांतरणाचा अर्ज अडायचे कारण उरत नाही.

यासाठी वकिलामार्फत त्याला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. १५ दिवसांत आरसीवरच्या नंबराचे इंजिन बसवून द्या, नाहीतर गाडी परत घेऊन ९२ हजार आणि झालेला खर्च द्या, एवढेच म्हणा. रागाच्या भरात शिव्या, धमक्या लिहू नका. तो बहुधा उत्तर देईल, "जुनी गाडी आहे, पाहून घ्यायची होती." या युक्तिवादात काही तथ्य आहे, हे मान्य करायला हवे. मालविक्री कायद्यात दर्जाची जबाबदारी सर्वसाधारणपणे घेणाऱ्यावर असते, आणि विकणारा नुसता गप्प राहिला असता तर "साध्या काळजीने तुम्हाला कळले असते" हा बचाव त्याला करार कायद्याच्या कलम १९ खाली मिळाला असता. पण तो गप्प राहिला नाही. "इंजिन ओरिजिनल आहे" असे त्याने स्वतःच्या आवाजात सांगितले. जाणूनबुजून केलेल्या खोट्या विधानाला तो बचाव चालत नाही. शिवाय वर्णन करून विकलेला माल वर्णनाप्रमाणेच असला पाहिजे, हे मालविक्री कायद्याचे कलम १५ सांगते.

म्हणून तो आवाजी संदेश म्हणजे तुमच्या प्रकरणाचा कणा आहे. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते वकील तयार करून घेतील. यूपीआयच्या नोंदीची बँकेकडून प्रत घ्या. रोखीच्या २२ हजारांची पावती नसेल, तर सोबत गेलेल्या मित्राचे प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

नोटिशीला दाद दिली नाही, तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, मिरजेला जायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. यात एकच अट सांभाळा : विकणारा व्यावसायिक आहे हे दिसले पाहिजे. एखाद्या माणसाने स्वतःची गाडी विकली असती, तर आयोगाने "दिवाणी न्यायालयात जा" म्हटले असते. गॅरेजसमोर विक्रीला लावलेल्या गाड्या, त्याच्या जाहिराती यांचे फोटो घेऊन ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या व्यापाऱ्याला आरटीओकडून प्राधिकारपत्र घ्यावे लागते. ते असते तर गाडी त्याच्याकडे आल्याची ऑनलाइन सूचना गेली असती, मधल्या काळात तोच मालक धरला गेला असता आणि गुरुजी मोकळे झाले असते. तुमच्या गॅरेजवाल्याकडे ते आहे का, हे नोटिशीत विचाराच. फसवणुकीची फौजदारी तक्रार (भारतीय न्याय संहिता, कलम ३१८) हा मार्गही खुला आहे, पण इंजिन परत मिळायची आशा असेपर्यंत मी नोटिशीलाच प्राधान्य देईन.

आता गुरुजींकडे वळतो, कारण त्यांच्या सहीशिवाय यातले काहीच पुरे होत नाही. चलनाचे पैसे आजच भरा आणि पावती त्यांना पाठवा. मग शक्य झाले तर फोन न करता जतला जाऊन भेटा. रागावण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. कायद्याच्या नजरेत ती गाडी अजून त्यांचीच आहे. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात गाडी कागद न बदलता हातोहात विकली गेली होती, आणि अपघात झाल्यावर भरपाईची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने मूळ नोंदणीकृत मालकावरच ठेवली. हे त्यांना घाबरवण्यासाठी सांगू नका. "तुमच्या डोक्यावरचे ओझे मला उतरवायचे आहे, त्यासाठी सही हवी," असे म्हणा. विक्रीची सूचना १४ दिवसांत देणे त्यांचे काम होते आणि ३० दिवसांत अर्ज करणे तुमचे. दोघांचीही मुदत टळली आहे, उशिराचा जो आकार लागेल तो तुम्ही भरा. कोरे फॉर्म बाजूला ठेवून नवे फॉर्म त्यांच्यासमोर भरा, तारखा खऱ्या घाला. पैसे तुम्ही त्यांना दिले, असे कुठेही लिहू नका, दिलेले नाहीत. गाडी त्यांनी गॅरेजवाल्याला कधी आणि कितीला विकली, याचे साधे लेखी निवेदन मात्र जरूर मागा. इंजिन त्यानंतर बदलले हे दाखवायला ते फार उपयोगी पडेल.

गाडी उभी करा असे म्हणण्यामागे विमा हेही कारण आहे. पॉलिसी गुरुजींच्या नावावर असेल, तर तिसऱ्या व्यक्तीचा विमा गाडीबरोबर तुमच्याकडे आला असे कायदा मानतो. पण गाडीचे स्वतःचे नुकसान त्यात येत नाही, आणि मालक-चालकासाठी असलेला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा नोंदणीकृत मालकालाच मिळतो. तुम्ही पडलात आणि काही बरेवाईट झाले, तर घरच्यांच्या हाती काही येणार नाही. त्यात इंजिनही वेगळे.

मूळ इंजिन मिळालेच नाही, तर गाडी परत देऊन पैसे घ्या. वडिलांच्या आठवणीने घेतलेली गाडी परत करणे जिवावर येईल हे मला कळते. तरी जी गाडी कधीच तुमच्या नावावर होणार नाही, ती ठेवण्याचा सल्ला मी देऊ शकत नाही.

निकाल लागेपर्यंत गाडी मधल्या स्टँडवर, छपराखाली ठेवा. पेट्रोलचा नळ बंद करा, कार्ब्युरेटर रिकामा करा, आठवड्यातून एकदा प्लग काढून सावकाश दोन-तीन किका मारा म्हणजे पिस्टन चिकटणार नाही. इंजिन मात्र उघडू नका, मित्रालाही उघडू देऊ नका. आज ते जसे आहे तसेच आयोगाला आणि पोलिसांना दिसले पाहिजे. नोटिशीचा मसुदा तयार झाला, की पेन्सिल प्रिंटच्या प्रतीसह मला पाठवा, मी वाचून देईन.